गरमपेटी आणि अर्धी उघडी झडप

मित्रांनो, मी एक जुनी गरमपेटी आहे. कागदावर माझं नाव इकॉनॉमायझर, पण ते नाव घेताना कामरगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या निम्म्या माणसांची जीभ अडखळायची. गरमपेटी हे नाव भिवाजीनं ठेवलं. तो तिथला बॉयलरवाला. आता मी मागच्या आवारात गंजत पडले आहे, म्हणून जरा कुरकुरले तर रागावू नका.

जिनिंगला स्वतःचं वीजघर होतं. कोळशानं बॉयलर तापे, वाफेवर इंजिन चाले आणि इंजिनावर वीज. पण धूर केवढा तापलेला! तो सगळा धुराड्यातून फुकट आभाळात जायचा. एकाहत्तर साली मला त्या धुराच्या वाटेत बसवलं. माझ्या नळ्यांतून बॉयलरचं पाणी जाई आणि जाता जाता धुरावर तापे. दहा टोपल्या कोळसा लागायचा तिथे नऊ पुरू लागल्या. मॅनेजर बबनराव पाहुण्यांना आधी मलाच दाखवत. मीही फुगून जाई, खोटं कशाला सांगू?

माझी अट एकच. नळ्यांतलं पाणी वाहतं हवं. पंप बंद असेल तर शेजारची झडप उघडायची, म्हणजे धूर मला टाळून सरळ धुराड्यात जातो. भिवाजी हे कधी चुकला नाही. रोज सकाळी तो माझी काजळी खरवडायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "काय वं, आज घसा बसला काय तुहा?" असं माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही.

चौऱ्याहत्तरची खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा, आणि पूजलेल्या यंत्राला आरतीपर्यंत हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. पंपाला हार घातला. झडपेच्या दांडीला शेंदूर फासून लाल दोरा बांधला. पण आरती होताच भोंगा वाजवायचा म्हणून बॉयलर मात्र पेटवून ठेवला. पंप बंद, झडप बंद, आणि धूर माझ्या अंगावर!

भिवाजी धावत आला. "साहेब, झडप उघडू द्या. पेटीत पानी उभं हाये, उकळून राह्यलं!"

"पूजा मांडली दिसत नाही काय तुले?" बबनराव म्हणाले. "आरती होऊ दे."

तेलपाणी करणारा पुंजाजी त्याच्यावर खेकसला, "तू बुद्धाचा. आमची पूजा मोडाले कायले येतं?"

भिवाजी मागे सरला. दोनशे माणसांच्या घोळक्यात त्याच्या बाजूची एकटी त्याची बायको विमलबाई. माझ्यासमोर बाया प्रसादाला उभ्या होत्या, कडेवर लेकरं. आरती सुरू झाली. मी कण्हू लागले. टाळ्यांच्या आवाजात ते एकट्या भिवाजीनं ऐकलं.

"सरका वो बाया, सरका!" तो ओरडला. बाया पांगल्या. त्यानं दोरा तोडला आणि झडपेची दांडी ओढली. झडप अर्धी उघडली, तोच माझा खालचा जोड फुटला. उकळतं पाणी आणि वाफ सगळी त्याच्या अंगावर गेली. इतर कुणाला शिंतोडाही लागला नाही.

तिसऱ्या दिवशी भिवाजी दवाखान्यातच वारला. गावात बोललं गेलं, पूजा बाटवली म्हणून कोप झाला. बबनरावांनी ते खोडून काढलं नाही. हाय रे माणसा! कोप कसला? माझ्या पोटात पाणी कोंडलं होतं.

विमलबाई आली. माझ्यावर हात ठेवून म्हणाली, "माह्या मानसानं तुले रोज साफ केलं, अन् तू त्यालेच खाल्लं काय?"

मित्रांनो, यंत्राला हार जरूर घाला, पण त्याची दांडी मोकळी ठेवा. आणि जो रोज त्याची काजळी काढतो तो "उघडा" म्हणाला, तर आधी उघडा. त्याची जात मग विचारा, विचारायचीच असेल तर.

दर खंडेनवमीला पुंजाजी गुपचूप येऊन माझ्याबरोबर इथे टाकलेल्या झडपेच्या दांडीला हार घालून जातो. दुसऱ्या दिवशी विमलबाई येते, हार काढून बाजूला ठेवते आणि दोन्ही हातांनी दांडी ओढून पाहते. झडप हलत नाही. भिवाजीनं सोडली तिथेच ती आहे, अर्धी उघडी.