येसेनियाच्या आईची सही

शाळेच्या ऑफिसातल्या हॅस्किन्सबाईंच्या टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची काचेची बरणी होती. आलेल्या प्रत्येकापुढे त्या ती सरकवायच्या आणि पद्मिनी दर वेळी हसून नको म्हणायची. त्या आठवड्यात हे तिसऱ्यांदा झालं. सोमवारी नको, मंगळवारी नको, बुधवारीही नको. बाकीच्या बोलण्यातही काही फरक नव्हता. पालकांना पत्र गेलेलं आहे, सही होऊन आलेली नाही, सही आली की बघू, असं बाई सांगायच्या. अगदी गोड आवाजात. पद्मिनीचा स्वतःचा आवाज मुळात हळू, त्यामुळे त्या खोलीत दोन बायका एकमेकींच्या कानाशी लागल्यासारख्या बोलत बसायच्या आणि काम इंचभर पुढे सरकायचं नाही.

काम म्हटलं तर एवढंसं होतं. येसेनिया नावाच्या आठवीतल्या मुलीला अल्जिब्राच्या वर्गात बसवायचं. टेक्ससमधल्या प्लेनोच्या त्या शाळेत पद्मिनी मंगळवार-गुरुवार लायब्ररीत मुलांना गणित शिकवायला जायची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, मग फुकट तर फुकट, पुण्यात दहा वर्षं शिकवलेलं गणित गंजायला नको. तिच्याकडे यायची ती सगळी मुलं मेक्सिकन घरांतली, 'इंग्रजी न येणाऱ्यांच्या' वर्गातली. त्यातली येसेनिया अशी, की दोन अज्ञातांची समीकरणं ती मनातल्या मनात सोडवायची आणि वर विचारायची, "मिस, एवढंच?"

ही मुलगी टेक्ससमध्येच जन्मलेली. पद्मिनीपेक्षा फाडफाड इंग्रजी बोलायची. तरी नववं वर्ष त्या वर्गात, कारण बालवाडीत घातलं तेव्हा 'घरी कुठली भाषा बोलता' या प्रश्नापुढे आईनं खरं उत्तर लिहिलं होतं, स्पॅनिश. इंग्रजीची परीक्षा पोरगी दोनदा पास झाली होती. पण बाहेर पडायला आईची सही हवी, आणि रोज इंग्रजीचे दोन तास अडकलेले, त्यातल्याच एका तासाला अल्जिब्रा. शुक्रवारी पाच वाजता वर्ग बदलायची मुदत संपत होती. ती हुकली की हायस्कूलला ही मुलगी मागच्या रांगेतून सुरुवात करणार, आणि तिथून पुढे गणितात ती कायमच एक वर्ष मागे.

पद्मिनीला हा प्रश्न नवीन नव्हता. तिच्या मुलाला, परीक्षितला, शाळेत घालताना तोच फॉर्म आला होता. नवरा, श्रीरंग, म्हणाला होता, "इंग्लिश लिही यार, सगळे देशी तेच लिहितात." देवापुढे रोज खोटं न बोलण्याचं म्हणायचं आणि शाळेच्या कागदावर खोटं लिहायचं, हे तिला जमेना. तिनं स्वच्छ अक्षरात मराठी लिहिलं. परिणामी, घडाघडा पुस्तकं वाचणारा परीक्षित तीन महिने तसल्याच वर्गात रेड, ब्लू, यलो म्हणत बसला. शेवटी श्रीरंगनं सुट्टी टाकली, गळ्यात कंपनीचा बिल्ला तसाच ठेवून शाळेत गेला, अर्धा तास आवाज चढवला आणि मुलाला बाहेर काढून आला. येसेनियाच्या आईकडे ना सुट्टी होती, ना बिल्ला. ती हॉटेलच्या लॉन्ड्रीत पहाटे चारला कामावर जायची. आणि शाळा तिला भेटायला बोलवायची ती सकाळी दहाला. आणि मग फायलीवर शिक्का मारायची, 'प्रतिसाद नाही.'

"मग मीच जाते तिच्या घरी," असं पद्मिनीनं बुधवारी ठरवलं, आणि इथून पुढचा घोटाळा तिचा स्वतःचा.

येसेनियाच्या आईचं, आरासेलीचं, अपार्टमेंट हायवेच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडताच मसाल्याचा आणि वाफेचा वास आला. आरासेली बुटकी, तोंडभर हसणारी, केस अजून ओले. मुलीच्या टीचर येणार म्हणून तिनं कामावरून आल्या आल्या तमाले करायला घेतले होते. मिस मांस खात नाहीत हे येसेनियानं सांगितलेलं, म्हणून चीज आणि मिरचीचे. मक्याच्या पिठाच्या त्या वाफाळत्या पुडक्यांची ताटली तिनं पद्मिनीपुढे ठेवली आणि समोर बसून वाट बघायला लागली.

आणि पद्मिनीनं हात जोडले.

चातुर्मासात परान्न नाही, हा तिचा नेम. आषाढीला घ्यायचा, कार्तिकीला सोडायचा, चौदा वर्षं झाली. मंडळाच्या गणपतीतही ती महाप्रसादाच्या रांगेत केळं घेऊन बाजूला व्हायची. लोक हसायचे, पण त्यांना ठाऊक तरी होतं. इथे कुणाला काय सांगायचं? "तिला सांग, मी दुसऱ्याच्या हातचं खात नाही," असं ती येसेनियाला म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं की इंग्रजीत हे वाक्य फार वाईट ऐकू येतंय. येसेनियानं एकदा तिच्याकडे, एकदा आईकडे पाहिलं आणि स्पॅनिशमध्ये अगदी थोडक्यात काहीतरी सांगितलं.

आरासेलीचं हसू गेलं नाही, नुसतं थिजलं. तिनं ताटली उचलून आत नेली. हात पुसून आली, सहीचा कागद घेतला, न बघता टीव्हीवर ठेवला. बघते, म्हणाली. झालं, भेट संपली.

जिन्यापर्यंत सोडायला आलेली येसेनिया खाली बघत बोलली. "मिस, ती दोन तास करत होती. तिची पाठ दुखते. तुम्ही एक घास खाल्ला असता तर काय झालं असतं?"

पद्मिनी जिना उतरून गाडीत जाऊन बसली.

घरी श्रीरंगनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तू तिला परान्न समजावलंस? स्पॅनिशमध्ये? धन्य आहे. अगं, देव मन दुखावू नको म्हणतो की नाही?" नेम मोडून टाक आणि उद्या जाऊन चार तमाले खा, असा त्याचा सरळ हिशेब. पद्मिनी चिडली. त्याच्यावर, हॅस्किन्सबाईंवर, त्या पुडक्यांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. नेम काय सोयीसाठी असतो, गैरसोय झाली की मोडायला? आणि नेमापायी एका पोरीचं वर्ष गेलं तर तो नेम तरी कसला? संध्याकाळी दिवा लावताना तिचं स्तोत्र दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तिला एकदम आठवलं आणि ती तिथेच थांबली.

शिधा. परान्न न घेणाऱ्याला कच्चा शिधा चालतो. यजमानानं पीठ-मीठ द्यायचं, आपण आपल्या हातानं करून खायचं. एवढी साधी गोष्ट, आणि ती आज दुपारी कुठे गेली होती? "डोकं आहे की खोकं," असं ती देवासमोरच स्वतःला म्हणाली.

गुरुवारी साडेचारला ती पुन्हा त्या दारात उभी. आरासेलीनं दार उघडलं, पण अर्धंच. पद्मिनीनं येसेनियाला सांगितलं, "आईला म्हण, मी देवाला वचन दिलंय. कार्तिकापर्यंत दुसऱ्यानं शिजवलेलं खायचं नाही. राजाच्या घरचं असलं तरी नाही. पण तिनं मला पीठ दिलं, तर तिच्या शेगडीवर मी करीन आणि तिच्या घरात बसून खाईन."

येसेनियानं या वेळी सगळं सांगितलं, हातवारे करून. आरासेली ऐकत राहिली. मग तिनं दार पूर्ण उघडलं, पद्मिनीला मनगटाला धरून आत नेलं आणि फ्रीजवरच्या मेरीमातेच्या तसबिरीकडे बोट दाखवलं.

"तिचंही वचन आहे," येसेनिया म्हणाली. "मी हायस्कूल पास होईपर्यंत साखर नाही. माझ्या वाढदिवसाचा केकसुद्धा खात नाही. I mean, it's so annoying."

"मग आधी का नाही सांगितलंस?" पद्मिनीनं विचारलं.

"तुम्ही कुठे सांगितलं होतं?"

पुढचा अर्धा तास त्या ओट्यापाशी गेला. पद्मिनी मक्याच्या पिठाची भाकरी थापत होती आणि आरासेली कमरेवर हात ठेवून शेजारी उभी. तिला ते बघवत नव्हतं. पाणी फार झालं, जाड झाली, कडा फाटली, असं ती स्पॅनिशमध्ये पुटपुटत होती आणि येसेनिया हसत हसत प्रत्येक शब्द भाषांतर करून देत होती. दोनदा आरासेलीचा हात पिठाकडे गेला, दोनदा तिनं पद्मिनीचं वचन आठवून मागे घेतला. पहिली भाकरी तव्यावर चिकटली. दुसरी बरी झाली. पद्मिनीनं ती नुसत्या मिठाबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, आणि समोर आरासेलीनं कालचे तमाले.

मग कागद टीव्हीवरून खाली आला. आरासेलीनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. येसेनियाला ते सांगायला जड गेलं. "ती म्हणते, इथे लिहिलंय की माझ्या मुलीला शाळेनं देऊ केलेली मदत मी नाकारते. दोन वर्षं हेच पत्र येतंय. ती म्हणते, कुठली आई असं लिहून देईल? मदत नको, असं? मुलीच्या शाळेत?"

पद्मिनीनं ओळ वाचली. तेच लिहिलं होतं, स्पॅनिशमध्ये आणि खाली इंग्रजीत. तिला हॅस्किन्सबाईंची बरणी आठवली आणि ती खिडकीबाहेर फेकून द्यावी असं वाटलं. दोन वर्षं 'प्रतिसाद नाही' म्हणून शिक्के मारले, आणि आरासेली फक्त खोटं लिहायला तयार नव्हती. ज्या कारणासाठी पद्मिनीनं परीक्षितच्या फॉर्मवर मराठी लिहिलं, अगदी त्याच कारणासाठी.

"तिला सांग, जे खरं आहे ते लिहू दे," ती म्हणाली.

आरासेलीनं ती ओळ खोडली. खाली, शाळकरी गोल अक्षरात, तिनं लिहिलं की माझी मुलगी इंग्रजी शिकली आहे, शिकवणाऱ्यांचे आभार, आता तिला अवघड गणित द्या. आणि सही केली.

शुक्रवारी दोनला कामावरून सुटून ती तशीच, लॉन्ड्रीच्या निळ्या झग्यात, शाळेत आली. पद्मिनी दाराशी उभीच होती. येसेनियाला वर्गातून बोलावून घेतलं. हॅस्किन्सबाईंनी कागद हातात घेतला, खोडलेली ओळ पाहिली, आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या की फॉर्मवर खाडाखोड चालत नाही.

पद्मिनी खुर्चीत बसली. आरासेलीला शेजारच्या खुर्चीत बसवलं. पर्समधून जपमाळ काढली आणि हळूच म्हणाली, "मिसेस हॅस्किन्स, तुम्ही काय चालतं ते शोधा. आम्ही बसतो."

आरासेलीनंही झग्याच्या खिशातून आपली माळ काढली. दोघी जप करत बसल्या. बाईंनी बरणी पुढे सरकवली, दोघींनी एकदमच नको म्हणून मान हलवली. बाईंनी एक फोन केला, मग दुसरा. मग फायलीतून येसेनियाच्या परीक्षेचे मार्क काढून बघितले, आणि खालच्या खणातून एक वेगळाच, पिवळा कागद काढला.

परीक्षा पास झालेल्या मुलांचा कागद वेगळा होता. त्यात मदत नाकारायची नव्हती. मुलगी पास झाली हे मला कळलं, एवढीच ओळ आणि खाली सही. दोन वर्षं चुकीचं पत्र जात होतं. सॉरी, असं बाई म्हणाल्या, कुणीतरी चुकीचा गठ्ठा उचलला असणार.

पद्मिनीच्या तोंडात बरंच काही आलं होतं. माळ हातात होती म्हणून ते तिथेच राहिलं. येसेनियानं आईला सगळं सांगितल्यावर आरासेलीनं मात्र एक स्पॅनिश शब्द उच्चारला, आणि येसेनियानं तो भाषांतर करायला नकार दिला.

चार वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा प्रिंटरमधून नवीन टाइमटेबल बाहेर आलं. दुसरा तास, अल्जिब्रा. जाताना आरासेलीनं पद्मिनीच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. दोन किलो मक्याचं पीठ. वरती, येसेनियाच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी: आई म्हणते, पाणी कमी.

पुढच्या मंगळवारी येसेनिया लायब्ररीत आली, दप्तर धाडकन टेबलावर टाकलं आणि खुर्चीत कोसळली. दोनच दिवसांत बत्तीस गणितं दिली होती, आणि सर एकाचंही उत्तर सांगत नाहीत, आणि आता त्यात एक्सचा वर्ग कशाला आलाय, आणि हे अन्याय्य आहे, असं तिचं म्हणणं होतं.

"मिस, आधीचा वर्ग बरा होता," ती म्हणाली.

पद्मिनीनं डोळे मिटले, मनात चार अंक मोजले आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली.

"पहिलं सोडव," ती म्हणाली. "मग बोल."