हॅल्डेनची गर्दी

माणूस पाणी पाहून वस्ती करतो, असं भूगोलाच्या पुस्तकात असतं आणि ते खरंच आहे. आमच्या हॅल्डेनमध्ये पाणी इंजिनाला लागायचं. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या सपाटीवर वाफेच्या इंजिनाला जिथे तहान लागायची, तिथे रेल्वेने टाकी बांधली. टाकीशेजारी स्टेशन, स्टेशनशेजारी दुकान आणि दुकानाच्या आधाराने आम्ही. पुढे डिझेलची इंजिनं आली. त्यांना तहान लागत नव्हती. आम्हाला हे कळायला एक पिढी गेली.

तर, गावात अजून शाळा होती. पटावर तीन मुलं वाढली, तर ती टिकणार होती. ती बंद पडली, की शाळेच्या घरात राहणाऱ्या आर्डिसबाईंनाही गाव सोडावं लागणार होतं. अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलेलं.

म्हणून ऑक्टोबरात ऑन्टारियोहून प्रुइट नवराबायको तीन मुलांसह गाव बघायला येणार म्हटल्यावर सरपंच ऑरेस्टने फर्मान काढलं, "गाव भरलेलं दिसलं पाहिजे. सगळ्यांनी आपापले पिकअप ट्रक मेन स्ट्रीटवर लावा. घरी दोन असतील तर दोन्ही."

"ऑरेस्ट, लहानपणीही तू असाच होतास," आर्डिसबाई म्हणाल्या. "गृहपाठ नसला की रिकामी वही वर धरायचास."

"पण बाई, तुम्ही लांबून बघून 'बरोबर' म्हणायचात ना!"

ते येणार त्या सकाळी बर्फ पडला. थंडीत गारठलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही, म्हणून आमच्याकडे कुणी ट्रक बंद करत नाही. किल्ली आत, इंजिन चालू. ट्रक लावून सगळे हॉलमध्ये पेरोगी उकडायला गेले. बटाट्याचं सारण भरलेल्या या करंज्या गरम खाव्या लागतात.

प्रुइट मंडळी आली. मेन स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना ट्रकांची रांग, प्रत्येक ट्रक धूर सोडतोय, दिवे चालू, आणि एकातही माणूस नाही.

"आई," धाकटी म्हणाली, "सगळे कुठे गेले?"

हॉलमध्ये प्रुइटच्या बायकोने, जॉएलने, कोट काढला नाही. तिने विचारलं, "मूल तापलं तर डॉक्टर?"

"शंभर किलोमीटर," ऑरेस्ट म्हणाला. "पण ट्रक चालूच असतो! आधी खा तरी, वहिनी."

ती आर्डिसबाईंकडे वळली. "बाई, तुमची मुलं?"

हॉलमधली सगळी तोंडं बाईंकडे वळली. 'इथेच आहेत, शेतावर गेलीत,' एवढंच म्हणायचं होतं. शाळा वाचली असती. राहतं घरही.

"शहरात, सास्काटूनला," आर्डिसबाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्यांची?"

ऑरेस्टचा मुलगाही सास्काटूनलाच होता. ऑरेस्ट आपल्या बशीतल्या करंज्या काट्याने सरकवत राहिला.

"माझी बहीणही तिथेच असते," जॉएल हळूच म्हणाली. तिने आर्डिसबाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. जाताना ऑरेस्टने त्यांना डबा भरून दिला.

"मी खोटं बोलायला हवं होतं का रे?" बाईंनी विचारलं.

"जमलं नसतं तुम्हाला, बाई," ऑरेस्ट म्हणाला, आणि बाहेर जाऊन एकेक ट्रक बंद करू लागला.

प्रुइट आता सास्काटूनला राहतात. जूनमध्ये शाळा बंद झाली आणि आर्डिसबाईही तिकडेच, मुलाच्या तळघरात राहायला गेल्या. वर्गांत आता ऑरेस्ट मसूर भरून ठेवतो. तो माल भारतात जातो. तिथे माणसं पुष्कळ आहेत म्हणे.