खंडेनवमीचा आकडा

योगिनीला घरून काम करायची परवानगी होती ती फक्त दसऱ्यापर्यंत, आणि तीही कारखान्याचे मालक कुंदनशेठ यांनी लिंबू चोखल्यासारखं तोंड करून दिलेली. सासूबाईंच्या, म्हणजे कुसाबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना सकाळ-दुपार हात धरून चालवायला घरात दुसरं माणूस नाही. पण शेठचं एकच पालुपद, "यंत्र अंबडला आणि तुम्ही इंदिरानगरात. मोजणार काय, कपाळ?" आता अशा माणसाला काय समजवायचं?

शेतातली मोटर लांबून चालू करायचे खोके शेठच्या अंबडच्या कारखान्यात बनायचे. खोक्याचा सिग्नल किती जोरात येतो, ते लॅबमधलं यंत्र दिवसभर मोजत बसायचं. आकडा वजात यायचा, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरात. योगिनी घरून लॅपटॉपवर हुकूम धाडायची, 'शेवटचं मोजलेलं सांग', की यंत्र झटक्यात आकडा पाठवून मोकळं.

खंडेनवमीला विंचूरचे निसारभाई खोके पारखायला आले. मोटर-पंपांचं मोठं दुकान त्यांचं. शेठ त्यांना घेऊन हॉलमध्ये बसले. भोवती पेढे खायला जमलेला सगळा स्टाफ, समोर मोठ्या पडद्यावर योगिनी. लॅबमध्ये तिथले जुने मदतनीस निवृत्तीमामा, योगिनीचा फोन कानाला लावून. "आज बरोबर झालं तरच घरून कामाचं पुढचं बघू," असं शेठनी तिला सकाळीच बजावलेलं. तिचा जीव टांगणीला.

तिनं हुकूम दिला. वजा एकतीस पूर्णांक चार. झकास.

"खोका लांब न्या," निसारभाई म्हणाले. मामांनी पार व्हरांड्याच्या टोकाला नेला. वजा एकतीस पूर्णांक चार. टाळ्या.

"आता लोखंडी कपाटात ठेवा." पुन्हा तेच. शेठ उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. योगिनीनं मात्र तिन्ही आकडे पुन्हा तपासले. सिग्नल काय दगडात कोरलेला असतो का?

निसारभाई धंद्यात मुरलेले. म्हणाले, "आता खोका बंदच करा."

मामांनी बंद केला. वजा एकतीस पूर्णांक चार. टाळ्या आणखी जोरात.

योगिनीनं पडद्यावरचा आपला आवाज बंद केला आणि फोनवर विचारलं, "मामा, यंत्राला काय केलंय?"

"काय नाय ताई. सकाळी पूजा झाली, हार घातला. पूजेवरचं यंत्र चालवायचं नसतंय, आन् बंद करणं बी बरं नाय. मंग थांबवायचं बटण दाबून ठिवलं. दिवा लागलेला हाय, काम बंद हाय. लय गोड दिसतंय."

म्हणजे इतका वेळ सगळे पूजेआधीच्याच आकड्याला टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात शेठचा मेसेज आला, 'छान. असंच चालू द्या.' गप्प बसलं की झालं, घरून काम पक्कं. पण उद्या कुणाच्या तरी शेतात मोटर चालू व्हायची नाही आणि शिव्या निसारभाई खातील. आतल्या खोलीत कुसाबाईंचा वॉकर वाजला. योगिनीला रडूच यायचं बाकी राहिलं.

तिच्याकडे दुसराही हुकूम होता, 'नव्यानं मोज, मग सांग.' मनातल्या मनात मामांना आणि शेठना यथेच्छ शिव्या घालून तिनं तो दिला.

वजा ब्याण्णव. टाळ्या जिथल्या तिथं थांबल्या.

तिनं आवाज चालू केला. "म्हणजे सिग्नल काहीच नाही. खोका बंद आहे, निसारभाई, आणि हा त्याचा खरा आकडा. आधीचे सगळे सकाळचे होते."

"चालवलंतच ना पूजेवरचं यंत्र," मामा फोनवर कळवळले.

शेठ लालबुंद झाले. "म्हणूनच म्हणतो, माणूस इथं पाहिजे. दसरा झाला की ऑफिसला या."

निसारभाईंनी हातातला पेढा संपवला, बोटं पुसली. "शेठ, एक विचारू का? यंत्राच्या शेजारी तुम्ही एवढे जण. मग बंद खोक्याला टाळ्या कोणी वाजवल्या?"

सगळे पेढ्यांकडे बघायला लागले.

"दसऱ्यानंतर खोके परत मोजा, मी येतो. पण आकडा या बाईच सांगतील, आन् घरूनच सांगतील. इथं बसून माणसाचं डोकं चालत नाय, असं दिसतंय."

शेठनी मुकाट्यानं त्यांच्यापुढं पेढ्यांचा बॉक्स धरला. योगिनीनं कॅमेरा बंद केला आणि सासूबाईंना चालवायला उठली.