बेचाळीस मुक्काम

उत्तरेच्या बर्फातल्या इकालुइतहून ओटावा एकवीसशे किलोमीटर, विमानाने तीन तास. बाळंतपणासाठी निघताना लीटियाने हे आईला सांगितलं, तेव्हा म्हातारीने नाक मुरडलं होतं.

"तीन तास हे काय अंतर झालं? चहाला बसलं तरी तीन तास जातात. मुक्काम किती ते सांग."

लीटियाने हसत हिशेब केला. बर्फावरून दिवसाला पन्नास किलोमीटर धरले तर बेचाळीस मुक्काम.

"बघ, एवढ्या लांब चाललीस," ऊलीपिका म्हणाली. ती जन्मात विमानात बसली नाही. वाट डोळ्यांनी न पाहता गेलेल्या माणसाला परतीची वाट कशी सापडणार, असं तिचं म्हणणं.

ओटावाच्या इस्पितळात मुलगी झाली, त्याच्या आदल्याच दिवशी इकालुइतला ऊलीपिका झोपेत गेली. लीटियाने पोरीला आईचंच नाव दिलं. त्यांच्याकडे नाव दिलं की गेलेलं माणूस त्या नावात येऊन राहतं, आणि मग पोटच्या पोरीलाही आई म्हणूनच हाक मारायची. पण लीटियाच्या तोंडून ती हाक निघेना. पोर रडायची थांबत नव्हती. डॉक्टरांनी सगळं तपासून हात टेकले. त्या नावात कुणीच नव्हतं, आणि रिकाम्या घरात शिरावं तशी लीटियाला पोरीच्या डोळ्यांत बघायची भीती वाटे.

ओटावाहून परत निघायच्या सकाळी तिने मामाला, पाउलुसीला, फोन लावला.

"मामा, मी दिलेलं नाव चुकलं का?"

"नाव बरोबर आहे गं. पण ती पोचायला नको? मी रोज तिच्या खोलीत बसतो, इथे नाही ती. तुझ्याकडे निघालीय. आणि ती काय विमानाने येणार आहे?"

लीटियाने बोटांवर दिवस मोजले. "एकवीस दिवस झाले मामा. म्हणजे ती निम्म्या वाटेवर. आणि मी आज निघतेय."

"मग चुकामूक होईल की, वेडे! ती तिकडे पोचणार आणि तू इथे. या वयात तिला उलटं चालायला लावशील?" मामाने मनात हिशेब केला. "दीड तास झाला, निम्मी वाट आली, की वरून हाक मार. लोक हसले तर हसू देत."

तिकीट बदलून मिळणार नव्हतं, ओटावातली खोलीही दुपारपर्यंत सोडायची होती. ती निघाली.

विमानात पोरीने टाहो फोडला. लीटियाची नजर घड्याळावर. खाली पांढरंशुभ्र, एक घर नाही, एक झाड नाही. आईने ऐकलं नाही तर पोर अशीच रिकामी राहील आणि आई बर्फात भटकत राहील. दीड तास झाला. तिने खिडकीला कपाळ टेकलं आणि मोठ्याने हाक मारली.

"आई! इकडे, वर बघ! पुढे जाऊ नकोस, मी इथे आहे!"

पुढचा माणूस वळून बघायला लागला. पोर रडतच होती. एक मिनिट गेलं, दोन गेली.

मग ती एकदम गप्प झाली.

कितीतरी वेळ लीटियाला पोरीकडे बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा पोर तिच्याकडेच टक लावून बघत होती. तिने दुपट्यात हात घातला. लोकरीच्या मोज्यांतले दोन्ही पाय गारठून बर्फ झाले होते.

लीटियाने मोजे काढले, सदरा वर केला आणि ती पावलं आपल्या उघड्या पोटावर घट्ट धरली.

"फार चालावं लागलं का गं, आई?"