वाऱ्यातला नंबर

मला लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर, झाला त्याला आता तिसरं वर्ष लागलं, आणि एवढ्या काळात माझ्यावर कोणी एकदाही नीट ओरडलेलं नाही. ही तक्रार आहे बरं का. हसू नका.

माझी बायको मंजुषा. लग्न झाल्यापासून गादीवरच्या ओल्या टॉवेलवरून तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती आता टॉवेल गुपचूप उचलते आणि वाळत घालते. परवा मी मुद्दाम तिच्या उशीवर ठेवून पाहिला. तिनं उचलला आणि वर विचारलं, "चहा टाकू का थोडा?" मला घामच फुटला. म्हटलं, डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन काही सांगितलं की काय! तसं काही नव्हतं. तिला फक्त माझ्याशी भांडायचं नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

तसं माझं बरं चाललंय. डॉक्टर म्हणाले होते, "तुमचा प्रकार संथ आहे, इंद्रजीतराव. घाईत नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, मी गंगापूर तालुक्यातला. आमच्याकडं घाई कोणालाच नसते." पहिल्या वर्षी सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, नंतर परत आले ते चक्क कुरळे होऊन. आईला ते लई आवडले. मानेतल्या गाठी बसल्या. आता गळ्याच्या डाव्या बाजूला एक पुन्हा आलीय, हरभऱ्याएवढी. तिला सध्या काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. वाढली असली तर औषधं पुन्हा सुरू, म्हणजे हा हिवाळा गेलाच म्हणायचा. रोज दाढी करताना मी तिच्यावरून बोट फिरवतो. ती असते. मग मी सायकल काढतो.

सायकलवर मला कशाचं काही वाटत नाही, हे खरं सांगतो. मुकुंदवाडी स्टेशनाजवळून निघालो की चहाच्या टपऱ्या उघडत असतात, नाक्यावर मजूर डबे घेऊन उभे असतात, गार वारा कानात शिरतो, आणि माणसाला वाटतं, चला, आजचा दिवस आपला आहे. त्या औषधांपासून हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात, त्या हँडल धरलं की जास्त येतात. येऊ द्या. मुंग्या तर मुंग्या, बोटं आपलीच आहेत.

भानगड सगळी रविवारी. दर रविवारी आम्ही चौघं क्रांती चौकात भेटतो आणि बाहेरगावी जातो. राजेंद्र माझा कॉलेजपासूनचा दोस्त, शहागंजात त्याचं हार्डवेअरचं दुकान. केयूर आणि चारुता हे तरुण जोडपं. तो कॉम्प्युटरवाला, ती फिजिओथेरपिस्ट. दोघं मला काका म्हणतात. हायवेला लागलो की आमची एकामागं एक रांग लागते. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढचा दमला की कोपर हलवायचं, बाजूला होऊन शेवटी यायचं, की दुसऱ्याचा नंबर. सगळ्यांनी वारा सारखा वाटून घ्यायचा. माझ्या मते माणसानं काढलेल्या नियमांत याच्याइतका सुंदर नियम दुसरा नाही.

आणि औषधं झाल्यापासून माझा नंबरच येत नव्हता.

कोणी सांगितलं नाही तसं. पण केयूरनं कोपर हलवलं की मी पुढं व्हायच्या आत राजेंद्र मागून सुसाट यायचा आणि पुढं लागायचा. "तू बस रे आरामात," म्हणायचा. कधी चारुता यायची. मी कायम मध्ये, तिघांच्या कुशीत, आजारी कोकरासारखा. आणि राजेंद्र! ज्याचं एक वाक्य शिवीशिवाय पुरं व्हायचं नाही, तो माझ्याशी आता भजनी मंडळातल्यासारखा बोलायचा. "पाणी घे." "हळू." "छान चाललंय तुझं." छान चाललंय म्हणे! मेल्या, मी काय बालवाडीत आहे?

मला माझा नंबर पाहिजे होता. तपासणीच्या आधी पाहिजे होता. एकदा औषधं सुरू झाली की परत कधी, कोणी सांगावं?

गेल्या रविवारी आम्ही गंगापूरला गेलो. डिसेंबरातला वारा पूर्वेकडून येतो, त्यामुळं जाताना तो पाठीत होता. असा वारा असला की सगळेच पैलवान. वाळूज मागं पडलं, उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या, रस्त्यावर पडलेल्या कांड्या चुकवत आम्ही गप्पा मारत गेलो. गंगापुरात एसटी स्टँडजवळ गरम भजे आणि चहा घेतला. तिथं मी विषय काढलाच.

"येताना वारा समोरून आहे," मी म्हटलं. "माझा नंबर मी सोडणार नाही."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. हे असं बघणं मला आता पाठ झालंय.

"काका, तुमचे रक्ताचे काउंट्स कसे आहेत सध्या?" चारुतानं विचारलं.

"भज्यांचे का? सहा खाल्ले."

ती हसली, पण केयूर हसला नाही. "काका, तुम्ही सोबत येता हेच आमच्यासाठी खूप आहे," तो म्हणाला. पोरगं मनापासून बोललं, म्हणून जास्त लागलं. मी राजेंद्राकडं बघितलं. त्यानं त्याच्या पुढ्यातली तळलेली मिरची उचलून माझ्या कागदावर ठेवली. "खा," म्हणाला. बस्स. एवढाच जबाब.

रागानं मी चहा अर्धा टाकून उठलो. सायकल घेतली आणि कोणाची वाट न बघता निघालो. मागून "ओ काका, ओ काका" ऐकू आलं. मी थांबलो नाही. गाव सुटलं तशी तिघांनी मला गाठलं, पण रस्ता अरुंद, समोरून उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक, त्यामुळं त्यांना पुढं निघता येईना. ते निमूट माझ्या मागं लागले. आणि असा मी, दोन हिवाळ्यांनंतर, पुढं!

काय वारा होता, राव! छातीवर हात ठेवून कोणी मागं ढकलावं तसा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मांड्या पेटलेल्या. दोन्ही बाजूंना कापूस वेचलेल्या पऱ्हाट्या आणि मध्येच हिरवागार ऊस. माझ्या मागं तीन माणसं माझ्या आडोशाला होती. माझ्या! मला इतका आनंद झाला की मी एकटाच मोठ्यानं "हौ!" असं ओरडलो.

आता पुढच्याचं अजून एक काम असतं. मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते, रस्ता नाही. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं हात खाली करून बोटानं दाखवायचा. ते चुकलं की मागचा मेला.

तेवढ्यात समोरून एक ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या उसाच्या, आणि वर माझा चुलतभाऊ फकिरा.

"राम राम, भाऊ!" तो ओरडला.

आता हा आमचा तालुका. इथं भावकीतल्या माणसानं राम राम घातला आणि तुम्ही हात वर केला नाही, तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं की शहरात राहून याला मस्ती आली. माझा उजवा हात आपोआप वर गेला. "राम राम, फकिराभाऊ!" आणि त्याच क्षणी माझ्या चाकाशेजारून एक खड्डा गेला. खड्डा कसला, हौदच. मी तो बघितला होता. दाखवायचा हात तेवढा राम राम करत होता.

मागं धाड्कन आवाज झाला. वळून बघितलं तर राजेंद्र रस्त्याच्या खाली, पऱ्हाट्यांत, त्याची सायकल त्याच्या अंगावर, पुढचं चाक फुस्स. केयूर आणि चारुता कसेबसे वाचले होते.

राजेंद्र उठला. कोपर खरचटलं होतं, दाढीत कापूस अडकला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड सुटलं.

"अरे ए इंद्या, आंधळ्या! डोळे काय गंगापुरात भज्याच्या कढईत टाकून आला का रे? एवढा मोठा खड्डा! म्हैस बसंल त्यात, म्हैस! आन हे भाद्दर हात वर करून राम राम करतंय! मंत्री झाला का रे तू? सत्कार चाललाय का तुझा? येड्या, मेलो असतो ना मी!" यानंतरचं लिहिण्यासारखं नाही. माझ्या आजोबांपर्यंत तो पोचला, आणि त्यांनाही सोडलं नाही.

मी ऐकत उभा होतो. कानात कोणी कोमट तेल सोडावं तसं वाटत होतं.

"चल, पंक्चर काढ आता," तो म्हणाला आणि पंप माझ्या अंगावर फेकला. चारुता धावली. "मी करते. काकांना नका हो लावू."

"का? त्यानंच पाडलंय ना खड्ड्यात? करू दे की त्याला. त्याला काय धाड भरलीय?"

चारुतानं तोंडावर हात ठेवला. केयूर उगीच चेनकडं बघायला लागला. राजेंद्राच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. त्याचा चेहरा असा पडला की बघवेना. "इंद्रजीत," तो हळूच म्हणाला, परत तोच भजनी आवाज, "माफ कर यार, मी..."

"खबरदार!" मी ओरडलो. "खबरदार माफी मागितली तर! हाच पंप डोक्यात घालीन."

आणि मला हसू आलं. आवरेचना. हसता हसता रडूही आलं, ते मी लपवलं नाही. "तिसरं वर्ष लागलं रे," मी म्हटलं. "एवढ्या काळात मला कोणी आंधळा म्हटलं नाही, येडा म्हटलं नाही. घरात नाही, ऑफिसात नाही, तुम्ही नाही. सगळे माझ्याशी असं बोलतात जसं मी शेजारच्या खोलीत झोपलोय. मी इथंच हाय ना अजून! मेलो तेव्हा बोला की गोड, कोण नको म्हणतं?"

राजेंद्र माझ्याशेजारी मातीत बसला. मी ट्यूब बदलली. मुंग्या आलेल्या बोटांनी टायर रिमवर चढेना, लई वेळ लागला. कोणी हात लावला नाही. चारुताचे हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं, पण तिनं ते काखेत दाबून धरले. हवा भरता भरता मला धाप लागली. थांबलो, परत भरली.

"झालं?" राजेंद्र म्हणाला. "मग हो पुढं. आन हात खाली ठेव."

मी पुढं झालो. पहिला खड्डा आला, दाखवला. दुसरा दाखवला. पडलेली कांडी दाखवली. एका मेंढपाळानं हात केला, त्याला नुसती मान हलवली. मागून राजेंद्राचा आवाज यायचा, "जरा दम धर, शर्यत आहे का?" आणि पुढच्याच मिनिटाला, "झोपला का बे?"

लिंबे जळगावच्या पुढं माझे पाय संपले. खोटं कशाला बोलू? छाती भरून आली, डोळ्यांपुढं जरा काळं झालं. आधी मी हट्टानं रेटलं. मग वाटलं, हट्ट कशासाठी? दमल्यावर कोपर हलवायचं, हेही नंबरातच येतं. मी कोपर हलवलं, बाजूला झालो, सगळ्यांना पुढं जाऊ दिलं आणि शेवटी जाऊन चारुताच्या मागं लागलो. वारा एकदम थांबला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आडोसा मला टोचला नाही.

पुढं राजेंद्र लागला होता. पाठीवर मातीचा हा एवढा डाग. त्यानं मागं वळून बघितलंसुद्धा नाही, नुसता ओरडला.

"ए इंद्या! वाळूजपर्यंत मी हाय. मग परत तुझा नंबर, तवर दम खाऊन घे!"