भिंतीवरचे हात

रांगेत उभं राहायची मला सवय नाही. या पिझ्झाच्या दुकानात तर मुळीच नाही. बत्तीस वर्षांपूर्वी आतली सबंध भिंत मी रंगवली, तेव्हापासून इथली माणसं मला मागच्या दारानं आत घेतात आणि त्याचा मी कधी संकोच केलेला नाही. पण त्या रविवारी दुपारी पुतणी ऐकेना. सगळ्यांसारखं रांगेतूनच जायचं, त्यातच मजा आहे, म्हणाली. रांग पायऱ्या उतरून, शेजारच्या चपलांच्या दुकानापुढून थेट कोपऱ्यापर्यंत पोचली होती. तिच्यात मजा म्हणावं असं मला काही दिसलं नाही. तरी मुकाट्यानं उभा राहिलो, कारण त्या दिवशी मला कुणाचंच मन मोडायचं नव्हतं.

आम्ही तिघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी. भावजय गेल्यापासून त्या घरात ही दोघंच. पुतणी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला दुसऱ्या शहरात वरची जागा मिळाली होती आणि येत्या गुरुवारी ती बापाला घेऊन कायमची निघणार होती. जाण्याआधी बाबानं काकांची भिंत एकदा तरी बघायलाच हवी, असा तिचा हट्ट. बत्तीस वर्षांत धाकट्यानं या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. रांग फार असते, चीज पचत नाही, गुडघा दुखतो, ही त्याची कारणं ठरलेली. ती सगळी खोटी आहेत हे फक्त मला ठाऊक होतं.

खरं कारण मी होतो.

तेव्हा आम्ही दोघं मिळून पाट्या रंगवायचो. पाट्यांवर नाव माझं असायचं. मी अक्षरं आणि रेखाटन करायचो, तो रंग भरायचा. ज्याचं रेखाटन त्याची सही, असा आमच्या धंद्यातला रिवाज, आणि रिवाज माझ्या सोयीचा असल्यामुळे मला तो फार पटायचा. या दुकानाच्या थोरल्या मालकांनी भिंतीचं काम दिलं तेव्हा मी कोळशानं सगळं आखून दिलं. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला रांगेतली माणसं आणि मधोमध पिठाचा गोळा पसरवणारे दोन मोठे हात. ते हात मला साधले नव्हते. रबरी हातमोजे फुगवून ठेवल्यासारखे दिसत होते. पण दुसरीकडे एक काम लागलं होतं, म्हणून धाकट्याला रंग भरायला सांगून मी चार दिवस तिकडे गेलो.

परत आलो तर माझे हात भिंतीवर नव्हते. धाकट्यानं ओला बोळा फिरवून ते पुसून टाकले होते. तीन सकाळी तो भट्टीपाशी उभा राहून पीठ मळणाऱ्याचे हात बघत होता आणि चौथ्या दिवशी त्यानं स्वतःचं रेखाटन करून ते रंगवले होते. मी आधी त्याच्यावर खेकसलो. मग नीट बघितलं. डावा अंगठा किंचित वाकलेला, मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग, बोटांच्या पेरांत अडकलेलं पीठ. त्या हातांना वजन होतं. माझं तोंड बंद झालं, पण छान झालंय असं काही त्यातून निघालं नाही. एवढं मोठं मन माझं कधीच नव्हतं.

भिंत पुरी झाली त्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला. धाकटा मोरीत नळाखाली ब्रश धूत होता. त्या माणसानं बाकीच्या भिंतीवर नुसती नजर फिरवली आणि हातांपाशी थांबून विचारलं, हे कुणी काढले? मी म्हटलं, मी. मोरी चार पावलांवर होती आणि दाराला पडदासुद्धा नव्हता. धाकटा हात पुसत बाहेर आला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि शिडी आवरायला घेतली. दोन महिन्यांनी तो टपाल खात्यात पत्रं गावांप्रमाणे लावायच्या कामाला लागला. नियमित काम बरं, म्हणाला. मी त्याला एका शब्दानंही अडवलं नाही.

माझं नाव मात्र झालं. जो तो म्हणायचा, तसे हात आमच्याही भिंतीवर काढून द्या. आता कुठून काढणार? मग मी नाना युक्त्या काढल्या. या शहरात माझ्या चित्रांतली निम्मी माणसं खिशात हात घालून उभी आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे हात ट्रेच्या खाली लपलेत. एकानं त्याला माझी खास शैली म्हटलं. मी तेही ऐकून घेतलं.

म्हणून त्या रविवारी मी मनाशी ठरवून आलो होतो. पुतणीच्या समोर, त्या भिंतीखाली बसून सांगायचं की हात तुझ्या बापाचे आहेत. सोमवारी दुकान बंद असतं. आताच्या मालकीणबाई म्हणजे थोरल्या मालकांची मुलगी. त्या दिवशी येऊन माझ्या सहीशेजारी आणखी एक नाव घालू का, असं मी त्यांना विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, भिंत तुमची, तुम्हीच बघा. आठवडाभर मी आरशापुढे ते वाक्य म्हणत होतो. या वयात माणूस आरशापुढे पाठांतर करतो, यावरून काय ते समजा.

पाऊण तासानं आत शिरलो. मालकीणबाईंनी भिंतीखालचं टेबल दिलं. धाकटा पटकन भिंतीकडे पाठ होईल अशा खुर्चीवर बसला. पुतणीनं त्याला उठवलं आणि समोर बसवलं. म्हणाली, याच्यासाठी तर आलोय, आणि हा पाठ फिरवून बसतो. मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली की, बाबा नेहमी सांगतो, त्या भिंतीवर त्याचा वाटा एवढाच की त्यानं शिडी धरली होती. धाकटा मेनूकार्ड वाचत होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. या दुकानात पहिल्यापासून पाचच तऱ्हेचे पिझ्झे मिळतात.

दोन मागवले, एक नुसता टोमॅटो आणि चीजचा, एक मशरूमचा. भट्टीतून लांब दांड्याच्या फळीवर निघाले ते थेट टेबलावर आले, कडा जागोजागी काळ्या झालेल्या, चीज अजून खदखदतंय. धाकट्यानं पहिला तुकडा उचलला, चीजची तार हनुवटीपर्यंत लांबली, ती त्यानं बोटानं तोडली. चीज न पचणारा माणूस दुसरा तुकडाही घेतो आहे हे मी बघितलं. मग त्यानं मान वर करून भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "रंग टिकलाय," एवढंच म्हणाला.

मी वाक्य जुळवत होतो. पाण्याचे दोन पेले संपवले. तोंड उघडणार तोच मालकीणबाई आल्या आणि पुतणीला म्हणाल्या, आत येऊन भट्टी बघायचीय का? तिनं हात पुसले आणि त्यांच्या मागोमाग गेली. टेबलावर आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं, आधी त्याला सांगितलं तर बरं.

"बारक्या, ऐक," मी म्हटलं. लहानपणी त्याला बारक्या म्हणायचो, कित्येक वर्षांत ते नाव तोंडात आलं नव्हतं. "ते हात तुझे आहेत. मी तेव्हा खोटं बोललो. आज पोरीला सांगतो, आणि उद्या माझ्या सहीशेजारी तुझं नाव घालतो. बाईंना विचारलंय."

त्याला नवल वाटलं नाही. त्यानं जळलेली कड मोडून प्लेटच्या काठाला ठेवली.

"नको, दादा."

मी म्हटलं, तू रागावला असशील तर दोन शिव्या दे, पण हे करू दे. तो म्हणाला, राग केव्हाच गेला. मग भट्टीच्या दिशेला एकदा बघून तो खालच्या आवाजात बोलायला लागला.

"तिची शाळा संपली तेव्हा तिला चित्रकला शिकायला जायचं होतं. वह्याच्या वह्या भरल्या होत्या तिनं. हात चांगला होता, मला कळत होतं ना. माझ्याहून चांगला."

"मग?"

"मी तिला म्हटलं, तो हात काकाकडे आहे, आपल्याकडे नाही. तुझ्या बापाला साधी रेघ ओढता येत नाही, तुला कुठून येणार? दोन दिवस रडली. मग वह्या बांधून माळ्यावर टाकल्या आणि सायन्सला गेली."

मी विचारलं, असं का सांगितलंस?

"या कामात काय होतं ते मी बघितलं होतं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "तिच्या वाट्याला ते नको होतं. आता ती तिच्या कामात रमलीय. आणि आज तू सांगणार, की बापाला येत होतं. तू मोकळा होशील, दादा. मी तिला काय सांगू?"

त्याचं नाव मी बुडवलं हे मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो होतो, आणि मनातल्या मनात ते भोगून झालं असंही मानत होतो. वर्तमानपत्राच्या माणसापुढे म्हटलेल्या त्या एका ‘मी’च्या वाटेत एक पोर उभी होती, तेव्हा जन्मलीही नव्हती, हे मला माहीतच नव्हतं. मला लाज वाटली. आणि माफी मागायची तीही कुणाकडे मागायची सोय राहिली नाही, याचं फार वाईट वाटलं.

मी त्याला एवढंच म्हटलं, बरं, नाही सांगत.

पुतणी आली ती दोन्ही हात पुढे धरून. आतल्या माणसानं तिला एक गोळा पसरवायला दिला होता. कोपरापर्यंत पीठ, चेहरा फुललेला. ती खुर्चीवर बसली, आपले हात बघितले, मग भिंतीवरचे बघितले, पुन्हा आपले बघितले.

"काका, अंगठा खरंच असाच वाकतो. आणि हे पेरांतलं पीठ कसं काढलंत तुम्ही? पांढरा रंग वरून दिला का?"

मी हो म्हटलं.

ती डोळे बारीक करून भिंतीकडे बघत राहिली. "पण वरून दिला असता तर चुन्यासारखा उठून दिसला असता ना. हा आतून आल्यासारखा दिसतो."

ते कसं केलं होतं हे मी धाकट्याला कधी विचारलंच नव्हतं. टेबलाच्या पलीकडून तो हळूच बोलला. मला वाटतं, त्याला राहवलं नाही.

"पीठ रंगवलेलंच नाही तिथं. खालचा पांढऱ्या रंगाचा थर तसाच सोडलाय आणि बाजूनं कातडीचा रंग आणलाय."

पुतणी खळखळून हसली आणि पिठाच्या हातानं त्याच्या दंडावर चापट मारली. "बाबा, तुला काय कळतंय त्यातलं? काकांना सांगू दे."

धाकटाही हसला. "खरंय," म्हणाला. "तू सांग, दादा."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं की पांढरा वरूनच दिला होता, अगदी बारीक ब्रशनं. पुतणीनं भिंतीकडे पुन्हा एकदा बघितलं, मान डोलावली आणि उरलेला तुकडा बापाच्या प्लेटमध्ये वाढला.