सोनाबाईंची प्रार्थना लांबते

सुशीला सातपुतेला देवाबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती सोनाबाईंबद्दल.

गोव्यातल्या डिचोलीची मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे सगळी मिळून तीस-पस्तीस माणसं. कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगावकडून कारखान्यांत आणि बांधकामांवर आलेली. सत्यवतीबाई नावाच्या पेडणेकरीण घरमालकिणीने आपली माडी त्यांना भाड्याने दिली होती. रविवारी तिथे उपासना व्हायची आणि शनिवारी सेवा. सेवा म्हणजे पेज, भाजी आणि उकडलेल्या अंड्यांचे डबे घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं आणि ज्यांच्या उशाशी आपलं कुणी नाही अशांना जेवू घालायचं. पाळकसाहेब बेळगावहून महिन्यातून दोनदाच येत, म्हणून सेवेची सगळी जबाबदारी त्यांनी सुशीलावर टाकली होती. ती औषधांच्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर. तिच्या हाताखालून एक खोका चुकीचा जात नसे. तिला काम सांगितलं की झालं, असं सगळेच म्हणत.

पण दवाखान्यात भेटायची वेळ चार ते पाच. आणि तीनला जमून डबे भरले की निघण्यापूर्वी सोनाबाई प्रार्थना करत.

सोनाबाई पंचाहत्तरीच्या. मुलगा टिपर चालवायचा, त्याच्याकडे राहायच्या. त्यांची प्रार्थना एकदा सुरू झाली की थांबायचं नावच घेत नसे. आधी सूर्य, चंद्र आणि पावसाबद्दल उपकार मानायच्या. मग कोल्हापूरच्या नातेवाइकांची यादी. मग खाण बंद पडल्यामुळे घरी बसलेले लोक, मग बसचे ड्रायव्हर, मग सत्यवतीबाईंची म्हैस. आणि मधेच, डोळे मिटलेलेच, जमलेल्यांकडे तोंड वळवून विचारायच्या, "आणि तुझं काय हाय गं लेकरा? बोल की. देव ऐकतोय." मग कोपऱ्यातून कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगायचं, की सोनाबाई ते उचलून पुन्हा देवाला सविस्तर सांगायच्या, जणू देवाला पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नव्हतं.

सुशीला एक डोळा उघडा ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. सव्वाचार. साडेचार. हॉटपॉटमधली पेज दाट होत चाललेली असायची. तिच्या पायाला मुंग्या येत आणि डोक्यात त्याहून जास्त.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आमेन म्हणेपर्यंत पावणेपाच वाजले. धावतपळत दवाखान्यात पोचले तेव्हा वॉचमन गेट ओढून घेत होता.

"भाऊ, पाच मिनिटं. फक्त डबे देतो."

"टायम झालो बाय. माका उलोवपाक लावूं नाका," मला बोलायला लावू नका, असं म्हणत त्याने कुलूप घातलं.

बावीस डबे तसेच परत आले. आतल्या खाटांवर ज्यांनी शनिवार म्हणून वाट पाहिली असेल ते उपाशी नव्हते, दवाखान्याचं जेवण होतंच. पण वाट पाहिली असेल ना? सुशीलाला ते सहन होईना. तिने तिथूनच, गेटसमोर उभं राहून, पाळकसाहेबांना फोन लावला.

"प्रार्थना आम्हाला सेवेला जाऊच देत नाही, साहेब. मग त्या प्रार्थनेचा उपयोग काय?"

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, प्रार्थना सोडू नका एवढंच म्हणेन. बाकी वेळ कशी बसवायची ते तुम्ही बघा."

सुशीलाने वेळ बसवली. पुढच्या शनिवारी तिने सांगून टाकलं, प्रार्थना पाच मिनिटं, ती पाळीपाळीने एकेकाने करायची, त्यानंतर यादी वाचायची आणि साडेतीनला बाहेर पडायचं. सोनाबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं." एवढंच. त्या दिवसापासून त्या भिंतीला टेकून बसायच्या, डबे पुसून द्यायच्या आणि तोंडातून शब्द काढायच्या नाहीत.

सेवा मात्र घड्याळासारखी चालू लागली. व्हॉट्सॲपवर गट झाला, कामांची वाटणी झाली, कोणत्या वॉर्डात किती डबे याचा कागद तयार व्हायला लागला. डबे बाविसाचे एकेचाळीस झाले. खाली अंगणात वाल निवडत बसलेल्या सत्यवतीबाईंनी एकदा साडेतीनलाच जिन्यावरून उतरणाऱ्या सुशीलाला विचारलंसुद्धा, "आज बेगीन सोपलें गो तुमचें? देव गांवाक गेला काय?" आणि हसल्या. सुशीलाला ते फारसं आवडलं नाही, पण ती हसली.

सहाव्या आठवड्यात एक नवीनच वैताग सुरू झाला. वर्षा नावाची एक मुलगी होती, चंदगडकडची. नवरा किरण पेडण्याच्या बाजूला बांधकामावर, तिथेच भाड्याच्या खोलीत दोघं राहायची. वर्षा बस बदलत डिचोलीपर्यंत यायची आणि स्त्रियांच्या वॉर्डात जेवण वाढायची. ती सलग दोन शनिवार आली नाही. रविवारच्या उपासनेलाही नाही. सुशीलाने मेसेज टाकला तर उत्तर म्हणून नुसते जोडलेले हात. शिवाय मंडळीचा मोठा हॉटपॉट शेवटच्या वेळी तिनेच घासायला नेला होता.

"येणार नसेल तर सांगावं माणसानं," सुशीला घरी पुटपुटत राहिली. "मला काय, मी दुसरी लावते. पण सांगायचं नाही, करायचं नाही, आणि हॉटपॉट घेऊन बसायचं!"

रविवारी उपासना संपल्यावर तिने स्कूटर काढली. अस्नोडा, कोलवाळचा पूल, मग पेडण्याचा रस्ता. वाटेत तिने वर्षाला काय काय सुनवायचं ते नीट जुळवून ठेवलं होतं. खोली शोधायला अर्धा तास गेला. पत्र्याच्या छपराच्या ओळीत शेवटची. दार उघडंच होतं.

आत खाली चटईवर किरण पडला होता. उजव्या पायाला मांडीपासून प्लास्टर, ते कडेने मळून काळं झालेलं. दाढी वाढलेली. शेजारी पाण्याची बाटली आणि कागदात गुंडाळलेला एक पाव. वर्षा घरात नव्हती.

"या ताई," तो उठायचा प्रयत्न करत म्हणाला. "ती कामावर गेलीय. येईलच आता. तुमचं भांडं धुऊन ठेवलंय तिनं."

सुशीला दारातच उभी राहिली. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य तिला आठवेना. "कधी झालं हे?"

"चार आठवडे झाले. बांधकामाचा बांबूचा पहाड सुटला, मी वरनं पडलो. ठेकेदारानं नेऊन प्लास्टर घातलं आणि इथं आणून सोडलं."

चार आठवडे. सुशीलाने मनात हिशोब केला. म्हणजे किरण पडल्यानंतरही वर्षा दोन शनिवार आली होती. त्या दोन्ही शनिवारी सुशीलाच्या यादीप्रमाणे तिने परक्या बायकांना पेज वाढली होती, उशा सारख्या केल्या होत्या, आणि मग दोन बसगाड्या बदलून या माणसाकडे परत आली होती.

वर्षा आली ती हातात रॉकेलचा डबा घेऊन. सुशीलाला बघून ती आधी दचकली आणि लगेच हॉटपॉट आणायला वळली.

"ठेव तो हॉटपॉट!" सुशीला ओरडली. "का सांगितलं नाहीस? एक शब्द? आम्ही कोण आहोत तुझे?"

"कधी सांगू, ताई?"

"कधी म्हणजे? दर शनिवारी भेटतेस ना?"

वर्षाने रॉकेलचा डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "आधी सोनाआजी प्रार्थनेत विचारायच्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे, तेव्हा बोलता यायचं. आता यादी वाचतात. यादीत माझं नाव वाढणाऱ्यांत होतं."

सुशीलाच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. तेवढ्यात चटईवरून किरण म्हणाला, "ताई, आलाच आहात तर प्रार्थना करा ना."

वीस वर्षं मंडळीत काढलेल्या बाईला याची भीती वाटावी हे कुणाला खरं वाटलं नसतं. पण प्रार्थना हे काम सुशीलाने नेहमी दुसऱ्याला दिलं होतं. ती चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या," तिने सुरुवात केली, "तुझ्या अपार दयेबद्दल..." आणि पुढे काही सुचेना. बाहेर कुणाच्यातरी रेडिओवर गाणं चाललं होतं. मग तिच्या तोंडून निघालं ते असं:

"देवा, मला राग आलाय. या पोरीचा आलाय, तिनं सांगितलं नाही म्हणून. माझाही आलाय. हा माणूस इथे पडून आहे आणि मी दवाखान्यात डबे मोजत होते. तूही मला काही बोलला नाहीस. बोलला असशील तर मी घाईत होते, मला ऐकू आलं नाही. आता याचा पाय नीट कर. आणि आम्ही काय करायचं ते सांग, म्हणजे करायला लागते. आमेन."

"आमेन," किरण म्हणाला. वर्षा रडत होती, पण बऱ्याच दिवसांनी झोप लागलेल्या माणसासारखा तिचा चेहरा सैल पडला होता.

पेडण्याहून परत येताना सुशीला घरी न जाता थेट सोनाबाईंकडे गेली. त्या ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" सुशीलाने विचारलं.

"मला कोण सांगणार? मी इचारायचं सोडलं, लोकांनी सांगायचं सोडलं."

"तुम्ही का सोडलंत? एकदा तरी बोलायचं होतं मला!"

"रुसले हुते," सोनाबाई म्हणाल्या. "म्हातारी झाले म्हून रुसू न्हाई काय?"

यावर सुशीलाला हसावं की भांडावं कळेना. "आजी, गेट पाचला बंद होतं. ते काही माझ्या हातात नाही. तुम्ही तरी समजून घ्या."

"मग मला पाच मिनटं दिलीस व्हय गं? पाच मिनटांत मला समद्यांची नावंबी आठवत न्हाईत." त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं. "मी देवाला सांगायला बोलत न्हाई सुशीला. त्याला ठाव असतंय. माझ्या कानावर पडावं म्हून बोलती. कुणाकडं जायचं ते कळल्याबिगर डबा भरून काय करू?"

दुसऱ्याच दिवशी सोनाबाईंच्या मुलाने ओळखीच्याची जीप आणली आणि किरणला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले, प्लास्टर कापलं, हाड वेडंवाकडं बसायला लागलं होतं, ते पुन्हा बसवावं लागलं. मंडळीतल्या बायकांनी पाळी लावून दोन महिने त्या खोलीवर डबा पोचवला. आता तो चालतो. उजवा पाय थोडा ओढतो, आणि बांधकामाऐवजी एका गोदामात बसून नोंदी करायचं काम त्याला मिळालं आहे. वर्षाला मात्र सुशीलाने बरेच दिवस माफ केलं नाही. स्वतःलाही नाही.

शनिवारची सभा आता दोनला भरते. सुशीलाने तास वाढवून दिला तेव्हा तिला वाटलं होतं, तीनपर्यंत सगळं आटोपेल. पण सोनाबाईंनी तो तासही भरून काढला. त्यांच्या प्रार्थनेत आता दवाखान्याचा वॉचमन आला, बदली होऊन लांब अडकलेली त्याची बायको आली, कोलवाळच्या पुलावरची वाहतूक आली. सुशीला मनातल्या मनात दातओठ खात बसते. फक्त दोन्ही डोळे मिटते, कारण एक उघडा ठेवला की नजर आपोआप घड्याळाकडे जाते.

गेल्या महिन्यात असंच चाललं होतं. साडेतीन झाले असावेत. सोनाबाई म्हशीपर्यंत आल्या होत्या आणि सुशीलाच्या मनात आलं, आता हिला थांबवलंच पाहिजे. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक जाड, घोगरा आवाज आला. निवृत्ती. पन्नाशीचा फिटर, दोन वर्षं मंडळीत येत होता, डबे उचलायचा, गाडीत ठेवायचा, आणि 'हो' आणि 'नाही' यापलीकडे कुणाशी काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"माझी मुलगी," तो म्हणाला, आणि थांबला. सोनाबाईही थांबल्या, हेच एक नवल. "सातारला असती. तिला डायलिसिस लावलंय. मला रजा मिळंना."

"तिचं नाव काय, बाबा?" सोनाबाईंनी विचारलं.

"पल्लवी."

मग सोनाबाईंनी पल्लवीसाठी प्रार्थना केली, आणि त्यानंतर कुणी न सांगता आणखी दोघांनी केली. आमेन झालं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळे जिन्याकडे धावले. सुशीला मात्र डबे इतरांवर सोडून, निवृत्तीच्या कारखान्यातल्या मॅनेजरचा नंबर विचारत त्याच्यासोबत खाली उतरली, आणि अंगणातच उभी राहून त्या मॅनेजरला तिने असं काही सुनावलं की सोमवारपासून निवृत्तीला आठ दिवसांची रजा मिळाली.